मुदत बावन्न आठवडे

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये असताना, तिच्या फोनवर बातमी आली आणि ती वाचून तिला आनंद झाला. लिफ्टमध्ये ती, हिशेब खात्यातले एक गृहस्थ आणि पाण्याच्या बाटल्यांची ढकलगाडी, एवढेच होते. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात वायुगळती झाली होती, कारखान्याचे दोन विभाग बंद ठेवले होते, तीन कामगारांना इस्पितळात हलवलं होतं, आणि आधीच तुटवडा असलेल्या मेमरी चिपांच्या पुरवठ्यावर याचा आणखी परिणाम होईल असं कुणा जाणकाराचं म्हणणं होतं. तिने हे सगळं वाचलं, पण उलट्या क्रमाने. आधी पुरवठा, मग बंद विभाग, आणि कामगार सगळ्यात शेवटी, तेही पाचवा मजला आल्यावर. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पोटात, बेंबीच्या जरा वर, कोमट पाण्याचा घोट उतरावा तसं काहीतरी उतरलं होतं. "चांगली बातमी दिसतेय," हिशेब खात्यातले गृहस्थ म्हणाले. आणि ती "हो" म्हणाली.

तोंडात आलेला केस जिभेला सापडतो आणि बोटांना सापडत नाही, तसा तो 'हो' दिवसभर तिच्या तोंडात राहिला. सहजासहजी आनंद होणाऱ्यातली ती नव्हती. पगारवाढीचं पत्र आणि कारणे दाखवा नोटीस ती सारख्याच चेहऱ्याने घेईल, असं ऑफिसात तिच्याबद्दल बोललं जायचं, आणि हे तिच्या कानावर आलं तेव्हाही तिचा चेहरा तसाच राहिला होता. तिची कंपनी लिफ्टचे नियंत्रण-फलक बनवायची आणि त्या फलकांत बसणारे बारीकसारीक भाग विकत घेणं हे तिचं काम. तेवीस वर्षं झाली होती. ज्या वस्तू विकत घेण्यात ही वर्षं गेली, त्यातली एखादी हातात धरून नीट पाहावी असं तिला कधी वाटलं नाही. तिच्या लेखी प्रत्येक वस्तू म्हणजे तीन आकडे होते: नग, दर आणि मुदत. मुदत म्हणजे मागणी नोंदवल्यापासून माल दारात येईपर्यंतचे आठवडे. दराकडे सगळेच बघतात, दरावरून घासाघीस करण्यात पुरुषार्थ मानणारे साहेब तिने चार पाहिले होते. ती मुदतीकडे बघायची. दर खोटं बोलू शकतो, मुदतीला ते फारसं जमत नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मेमरी चिपांची मुदत आठ आठवडे होती, आठवड्याचे वार सात असतात तशी, कधी कुणी विचारायच्या भानगडीत पडू नये इतकी पक्की. वर्षापूर्वी एका सोमवारी पत्र आलं, त्यात बारा लिहिलं होतं. महिन्याभरात सोळा झाले. पुरवठादाराचा एजंट दर महिन्याला यायचा, खुर्चीच्या अगदी कडेला बसायचा आणि जाताना एखादी डायरी नाहीतर किल्ल्यांची साखळी ठेवून जायचा. तो यायचा बंद झाला. आधी फोन करायचा, मग तेही कमी झालं. एकदा तिनेच लावला. "विशेष काही नाही मॅडम," तो म्हणाला, "मोठ्या चिपांवर गिऱ्हाईक तुटून पडलंय. संगणकांची गोदामंच्या गोदामं उभी राहतायत म्हणे. मग कंपनी म्हणते, लहानसहान मालासाठी यंत्रं कशाला अडकवून ठेवायची?" त्याच्या आवाजात आर्जव नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो विकायला उतावीळ नव्हता, आणि त्या एका सुरावरून तिला सगळं कळलं. विचार करून कळतं तसं नव्हे. कुलपात किल्ली फिरल्याच्या आवाजावरून घरी आलेलं माणूस आज कसं आहे हे कळतं, तसं. लहान चिपा बंद पडणार, मोठ्या महागणार, आणि त्या करणारे गबर होणार. तिने कंपनीसाठी दोन वर्षांचा माल एकदम मागवला. साहेब म्हणाले, आपण काय युद्धावर चाललोय का? तिने मागणीपत्र सहीसाठी पुढे सरकवलं. त्याच आठवड्यात तिने आपल्या वाट्याला आलेली आईची ठेव मोडली आणि ती सगळी त्या चिपा करणाऱ्या कंपनीच्या शेअरमध्ये घातली. असं करता येतं का ते तिने आधी ऑफिसात विचारून घेतलं. येत होतं. मुदतीची ती पत्रं सगळ्याच गिऱ्हाइकांना जात होती, त्यात गुप्त काही नव्हतं. फक्त एक छापील अर्ज भरायचा होता, तो तिने भरला. नियमात न बसणारं ती काही करत नसे.

आईच्या ठेवीचे दोन भाग झाले होते. दुसरा धाकट्याचा. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, आता सेहेचाळीस वर्षांचा, पण घरात त्याला दुसरं नाव कधी चिकटलंच नाही. त्याचा वजनकाटे बनवायचा छोटा कारखाना होता. दुकानांत ठेवायचे, पार्सलवाल्यांचे, आणि तान्ह्या मुलांना पाळण्यासारख्या ताटात ठेवून तोलायचे काटे. त्याने आपल्या भागातून शेड वाढवली. लहानपणापासून दोघांच्या सगळ्याचे दोन भाग व्हायचे. खोलीच्या मधोमध पडदा होता. खोडरबरसुद्धा आई पट्टी लावून कापायची. भांडणं होऊ नयेत म्हणून हे सगळं होतं आणि भांडणं झालीही नाहीत, पण आपलं असं काही पुरतं हातात आहे, त्याच्या चारही कडा आपल्याच आहेत, असं तिला कधी वाटलं नव्हतं. शेअरचा आकडा मात्र तसा होता. चहाच्या सुट्टीत, बसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेली असताना ती तो बघायची. मुदत सव्वीस आठवडे झाली, आकडा दुप्पट झाला. मुदत बावन्न झाली, आकडा तिपटीच्या पुढे गेला. वाढलेल्या पैशांचं काय करायचं याचा विचार तिने केला नव्हता. नुसतं बघणं पुरत होतं. धाकट्याने एकदा विचारलं होतं, तू तुझे काय केलेस? "ठेवलेत," ती म्हणाली होती.

वायुगळतीच्या बातमीच्या दिवशी दुपारी त्याचाच फोन आला. "ताई, रविवारी येशील का कारखान्यात? जरा काम होतं."

'काम' हा शब्द त्याने तिच्याशी बोलताना कधी वापरला नव्हता. ती गेली. शेडमध्ये एरवी सहा माणसं असायची, त्या दिवशी फक्त शून्यकाका होते. काटा दुकानात जाण्याआधी पितळी वजनं ठेवून तो बरोबर दाखवतो का हे बघणं त्यांचं काम, आणि दर दोन मिनिटांनी "आधी शून्य करा" म्हणायच्या सवयीमुळे त्यांचं हे नाव पडलं होतं. ते आदराने उठले, पुन्हा बसले. भिंतीलगत काटे एकावर एक रचून ठेवले होते. नवे नव्हते, परत आलेले होते, काहींवर अजून दुकानांच्या चिठ्ठ्या होत्या. वितळलेल्या कथिलाचा वास नव्हता. कारखान्यात तो वास नसला की कारखाना एखाद्या वर्गासारखा दिसतो, असं तिच्या मनात आलं. धाकट्याने एक काटा पुढे ओढला, चालू केला, त्यावर एक किलोचं वजन ठेवलं. एक किलो दिसलं. मग त्याने काटा बंद केला, पुन्हा चालू केला आणि तेच वजन ठेवलं. नऊशे चाळीस ग्रॅम.

"परत केला तर बरोबर दाखवेल कदाचित," तो म्हणाला. "कदाचित नाही."

वीज बंद झाली तरी आपलं शून्य कुठे आहे हे काट्याला लक्षात ठेवावं लागतं. त्यासाठी आत एक लहानशी, जुन्या धाटणीची मेमरी चिप असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. ती कुठे मिळेना, म्हणून त्याने बाजारातल्या एका दलालाकडून चारशे घेतल्या होत्या. नव्या म्हणून दिलेल्या त्या चिपा भंगारातल्या यंत्रांवरून उचकटलेल्या, घासून वर नवा नंबर छापलेल्या होत्या. एकतीस काटे परत आले होते. "त्यातला एक बाळांच्या दवाखान्यातला," धाकटा म्हणाला. "एका बाळाचं वजन वाढतच नाही म्हणून पंधरा दिवस त्याच्या आईला वरचं दूध पाजायला लावलं. बिचारी रडकुंडीला आली होती म्हणे. शेवटी तिथल्या नर्सने साखरेचं पाकीट ठेवून बघितलं."

"बाळ बरं आहे?"

"बाळाला काय झालंय? बाळ गुटगुटीत आहे." त्याने काटा बंद केला. "ताई, तुमच्या जुन्या फलकात चिपेचा हाच नंबर असायचा ना?"

"असायचा."

"एखादं रीळ पडलं असेल गोदामात. मी विकतच मागतोय."

दीड रीळ होतं, लांब पट्टीवर ओळीने बसवलेल्या काही हजार चिपांचं. तिसऱ्या मांडणीवर, वरून दुसऱ्या फळीवर, गेल्याच महिन्यात तिने स्वतः मोजलं होतं. "ते दुरुस्तीसाठी राखून ठेवलंय," ती म्हणाली. "जुन्या लिफ्टा आहेत लोकांच्या. बंद पडल्या तर काय घालणार?" हे खरं होतं. ती खोटं बोलत नव्हती, आणि हे त्यालाही माहीत होतं. तो "बरं" म्हणाला. अभ्यासाच्या वहीत डोकावू दिलं नाही तरी तो असंच बरं म्हणायचा, आणि आपल्या बाजूला जाऊन चुकीचं उत्तर लिहायचा. भावजय चहा घेऊन आली, तिघांना कप दिले, चौथा स्वतः घेऊन एका उलट्या खोक्यावर बसली. आपला कप खाली ठेवून ती भावाला म्हणाली, "पैशांची अडचण असेल तर माझ्याकडे आहेत."

"पैसे घेऊन काय करू? माल कुठेच नाही. पैसे दिले तरी वर्षाची मुदत सांगतात, आणि वर्षाने देतीलच असंही नाही."

"बरेच आहेत," ती म्हणाली. आणि मग तिने सांगितलं. का सांगितलं ते तिला नंतरही कळलं नाही. कदाचित तो आकडा दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर कसा दिसतो हे बघायचं असेल. आईची ठेव, ती कंपनी, आता झालेले चौपट. आपण एखादं दुखणं सांगतोय अशा आवाजात ती बोलली. धाकट्याच्या भुवया वर गेल्या. "अरे वा," तो म्हणाला, आणि त्यात खोच नव्हती, त्याला खरंच बरं वाटलं होतं. भावजयीकडे बघून तो हसलासुद्धा. "बघ, आमची ताई. मूग गिळून बसली होती." मग त्याने विचारलं, "घेतलेस कधी?" तिने महिना सांगितला. तो बोटांवर काहीतरी मोजायला लागला, आणि मोजता मोजता त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

"म्हणजे मी शेड वाढवली तेव्हा."

"त्याच्या आसपास."

"म्हणजे तुला माहीत होतं."

शून्यकाका उठून बाहेर गेले. भावजय कपात बघत राहिली. "मला एक फोन केला असतास," धाकटा म्हणाला, "तर शेड नसती वाढवली. चिपा घेऊन ठेवल्या असत्या, पाच वर्षांच्या. तेव्हा पैशाला पासरी मिळत होत्या." त्याच्या आवाजात राग नव्हता. काट्यावरचा आकडा वाचून दाखवावा तसं त्याने ते वाचून दाखवलं.

"माझ्या लक्षात नाही आलं," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. बाहेर बंद दुकानांची ओळ होती, एकसारख्या करड्या शटरांची. तिने शांतपणे, एखाद्या पुरवठादाराची तक्रार तपासावी तसं, स्वतःला तपासायला घेतलं. गुप्ततेचा प्रश्न होता का? नव्हता. त्याच्याबद्दल मनात काही अढी होती का? असती तर बरं झालं असतं, निदान हाताला काहीतरी लागलं असतं. पण शोधूनही सापडली नाही. जगातल्या संगणकांचं, फोनांचं, गाड्यांचं काय होणार हे तिला दिसलं होतं. कधी न पाहिलेल्या इमारतींतल्या जुन्या लिफ्टांची तिने बेगमी करून ठेवली होती. आणि जो माणूस गेली अकरा वर्षं आपल्या प्रत्येक काट्यात तीच चिप बसवत होता, तो तिच्या मनात आला नव्हता. चिपेचा तो नंबर त्याला तिनेच दिला होता, कारखाना सुरू करताना, बसच्या तिकिटाच्या मागे लिहून. त्याचा विचार येऊन तिने तो बाजूला सारला असंही नव्हतं. तो आलाच नव्हता. की आला होता? त्या छापील अर्जात एक रकाना होता: जवळच्या नातेवाइकाचा या मालाशी व्यवसायाने संबंध आहे का. तिथे तिने 'नाही'वर खूण केली होती. ती खूण तिला स्पष्ट आठवत होती, पेन निळं होतं हेही. खूण करण्याआधी हात थांबला होता का, एवढंच आठवत नव्हतं. बस दोन थांबे पुढे गेली तोपर्यंत हात थांबला होता असं तिला वाटायला लागलं. उतरेपर्यंत पुन्हा वाटेनासं झालं. आणि पुढच्या कित्येक दिवसांत, भाजी चिरताना, मागणीपत्रावर सही करताना, ती हातात पेन धरून त्या रकान्यापाशी जायची, आणि तिथे नेमकं काय झालं होतं ते तिला दिसायचं नाही.

कारखाना चार महिन्यांनी बंद झाला. धाकट्याने परत आलेल्या प्रत्येक काट्याचे पैसे दिले, माणसांना एकेक करून दुसरीकडे लावून दिलं, आणि शून्यकाकांना पितळी वजनांची पेटी देऊन टाकली. त्यांनी ती नको नको म्हणत घेतली आणि छातीशी धरून नेली. शेडची किल्ली द्यायच्या दिवशी ती गेली होती. झाडून काढलेली फरशी बघून भावजय म्हणाली, "किती मोठी होती हो ही, सामान होतं तोवर कळलंच नाही." धाकट्याला एका मोठ्या काटे कंपनीत नोकरी मिळाली, गोदामाचा प्रमुख म्हणून. तो तिच्याशी तुटकपणे वागला असता तर तिला ते समजलं असतं. पण तो पूर्वीसारखाच गुरुवारी संध्याकाळी फोन करायचा, गुडघा कसा आहे विचारायचा, साहेबाची नक्कल करून दाखवायचा. एकदा तिने धीर करून विचारलं, शेअरमधले निम्मे तू घेतोस का? "पट्टी लावून?" तो म्हणाला आणि हसला. भावजयीने फोन घेतला. "नको ताई," ती म्हणाली, "ते तुमचं आहे." ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, आणि तरी फोन ठेवल्यावर बराच वेळ ते 'तुमचं' तिच्यासमोर खोलीत बसून राहिलं.

तिने शेअर विकले नाहीत. कारणं दर वेळी वेगळी होती, भाव अजून चढेल, आता कशाला घाई, विकायचे तर त्या पैशांचं करायचं काय. आकडा बघायचा नाही असं तिने ठरवलं आणि नऊ दिवस पाळलं. दहाव्या दिवशी बघितला तर तो वाढलेला होता. वर्ष असंच गेलं. कंपनीचं गोदाम तिनेच भरून ठेवलेलं असल्यामुळे मेमरी चिपांची नवी मागणी करायची वेळ आली नव्हती, आणि मागणी नाही तर मुदत विचारायचंही कारण नव्हतं. खरं तर विचारता आली असती. पण त्या चिपांच्या फायलीला हात लावणं तिच्या जिवावर यायचं.

मग एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला धाकट्याचा फोन आला. कामाच्या वेळात तो कधी करत नसे. कुणाचं तरी काही झालं, असं वाटून ती उठून जिन्यापाशी गेली.

"ताई, तुझे ते शेअर आहेत का अजून?"

"आहेत."

"मग विकून टाक. आजच्या आज. इथे माल उतरतोय. आम्ही दोन रिळं मागितली होती, त्यांनी आठ पाठवलीत, आणि वर तो एजंट म्हणतोय अजून घ्या, दर कमी करतो. मुदत सहा आठवड्यांवर आलीय. बंद पडलेलं सगळं पुन्हा चालू झालंय, त्यात दोन नवे कारखाने. पाच-सहा दिवसांत सगळीकडे होईल हे. म्हटलं आधी तुला सांगावं."

त्याच्या मागे पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर टेकल्याचे आवाज येत होते, आणि कुणीतरी मोठ्याने मोजत होतं, "तीन... चार..."

"तू कुठून बोलतोयस?"

"गोदामाच्या दारातून. गाडी उभी आहे अजून."

"आणि लगेच आठवलं तुला?"

"काय?" तो म्हणाला. खोक्यांच्या आवाजात त्याला नीट ऐकू आलं नव्हतं. "काय म्हणालीस?"

"काही नाही."

"बरं, ठेवतो, मला सही करायचीय. विक हं. विसरू नकोस."

ती जिन्यात उभी राहिली. खाली कुणीतरी दार लोटलं, वर कुणाचं तरी हसणं ऐकू आलं. म्हणजे चौथं खोकं उतरायच्या आत त्याला ती आठवली होती. सगळा माल उतरला नव्हता, सही झाली नव्हती, आपल्या साहेबाला त्याने अजून सांगितलं असेल की नाही कुणास ठाऊक. तिने तिथेच फोनवर शेअर विकले. तीनदा बोट लावायचं होतं, लावलं, आणि दोन वर्षं चारही कडांनी तिचं असलेलं ते एका मिनिटात नाहीसं होऊन नुसते पैसे झाले. भाव पुढच्या सोमवारपासून घसरायला लागला, पण ते पुढे. आत्ता ती फोन हातात धरून उभी होती. काय बोलायचं हे न ठरवताच तिने त्याला परत फोन लावला.

"काय गं?" त्याने उचलला.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"अकरा वाजलेत, ताई," धाकटा म्हणाला.